व्याजाचे चक्र आणि आभासी नाणे

खानदेशात व्याज म्हणजे काय हे कोणास शिकवावयास नको. कापूस विकला जाईपर्यंतची उसनवारी आणि सराफाकडे गहाण पडलेली पाटली, या दोन्ही गोष्टी धुळे-जळगावच्या घरोघरी ठाऊक आहेत. परंतु आता तरुण मंडळी विचारू लागली आहेत की, बिटकॉइनसारखे आभासी नाणे उसने दिले तर चक्रवाढीने त्याचे किती होईल? प्रश्न नवा असला तरी त्याचे गणित जुनेच आहे.

एक हजार रुपये दरसाल दर शेकडा १२ दराने दिले, तर सहा वर्षांनी सरळव्याजाने १,७२० होतात आणि चक्रवाढीने सुमारे १,९७४. कारण व्याज मुद्दलात मिसळते आणि पुढे त्यालाही व्याज लागते. आभासी नाण्यांच्या पेढ्या "रोजच्या रोज चक्रवाढ" अशी जाहिरात करीत असत. याच हजारावर एका वर्षाचे व्याज, वर्षाअखेर जोडल्यास १२० रुपये, दरमहा जोडल्यास १२६ रुपये ८३ पैसे आणि रोज जोडल्यास १२७ रुपये ४७ पैसे. महिन्यावरून दिवसावर आल्याने मिळाले ते चौसष्ट पैसे! त्यांच्यासाठी एवढा डांगोरा कशाला, हे मला तरी उमगलेले नाही.

शिवाय येथे व्याज मिळावयाचे ते नाण्यातच. एक बिटकॉइन सहा टक्क्यांनी दिले की वर्षाने १.०६ होणार, हे खरे. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरांना पोहोचलेले हे नाणे पुढल्या नोव्हेंबरात १६ हजारांच्या आसपास उतरले होते. नाणी वाढली आणि किंमत चौथाईवर आली.

आता मुख्य गोष्ट. चक्रवाढ म्हणजे न उचललेले व्याज. ते आपण त्याच ऋणकोच्या हाती ठेवतो, म्हणजे दर फेऱ्याला त्याला नवे कर्जच देतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने हे ओळखले होते. दामदुपटीच्या नियमाने, थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हा नियम मानला. तो ऋणकोच्या रक्षणासाठी होता हे उघडच आहे. पण त्यामुळे सावकारालाही स्वस्थ बसून चक्र फिरू देणे परवडत नसे. वेळच्या वेळी वसुलीला निघावे लागे.

अमेरिकेतील सेल्सियस नावाच्या पेढीचे ठेवीदार मात्र स्वस्थ बसले होते. काही नाण्यांवर ती सतरा टक्क्यांपर्यंत व्याज देऊ करी. १२ जून २०२२ रोजी तिने पैसे काढणे बंद केले आणि महिन्याभरात दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांनी व्याज न उचलता वाढू दिले होते, त्यांचे मुद्दलाबरोबर तेही अडकले. पेढीच्या संस्थापकास २०२५ मध्ये फसवणुकीबद्दल बारा वर्षांची शिक्षा झाली.

काही ठिकाणी मध्ये पेढीच नसते. ऋणको कर्जाहून अधिक किमतीची नाणी तारण ठेवतो आणि भाव पडला की यंत्र ती आपोआप विकते. ओळखीचा सराफ निरोप धाडील, दिवाळीपर्यंत थांबेलही; यंत्र थांबत नाही. धनकोच्या दृष्टीने हे बरेच म्हणावयाचे, पण बाजार एकदम कोसळला तर विक्री पुरी पडेलच असे नाही.

आपल्याकडे बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही, आणि त्याचा चटका आपल्या भागाने सोसलेला आहे. आभासी नाण्यासही ते नाही. म्हणून व्याजाचा दर विचारण्यापूर्वी, आपले नाणे घेऊन जाणारा कोण, तो त्याचे काय करणार आणि एवढे व्याज कशातून देणार, हे विचारावे. उत्तर नीट मिळाले, तरी निदान पहिल्या वर्षी व्याज हातात घेऊन पाहावे.