आमदारकी कधी जाते, कधी जात नाही

छत्तीसगडमधल्या भिलाईनगरचे काँग्रेसचे आमदार देवेंद्र यादव यांना ऑगस्ट २०२४मध्ये बलौदाबाजार हिंसाचार प्रकरणात अटक झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत ते तुरुंगातच होते. अशा वेळी ‘आता आमदारकी गेलीच’ असं लोक बोलून मोकळे होतात. पण ती गेली नाही आणि कायद्याने जाण्याचं कारणही नव्हतं. अटक, आरोपपत्र, कोठडी यांपैकी कशानेही पद जात नाही. गुन्हा कोर्टात सिद्ध व्हावा लागतो आणि सर्वसाधारणपणे किमान दोन वर्षांची शिक्षा व्हावी लागते. लाचखोरीसारख्या काही गुन्ह्यांत मात्र नुसता दंडही पुरतो.

दुसरा समज याच्या अगदी उलटा: शिक्षा झाली तरी अपील केलं की पद वाचतं. पूर्वी तशी पळवाट होती. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. आता दोषी ठरल्या दिवसापासून अपात्रता लागू होते आणि सुटकेनंतर सहा वर्षं राहते. सावनेरचे सुनील केदार यांना डिसेंबर २०२३मध्ये नागपूर जिल्हा बँक प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. पुढे जामीन मिळाला, आमदारकी परतली नाही. जामिनाने माणूस बाहेर येतो. पद परत मिळवायचं तर दोषसिद्धीलाच स्थगिती लागते.

भिलाईच्या जिव्हाळ्याचा प्रश्न भिलाई स्टील प्लांटचा, म्हणजे बीएसपीचा. ‘बीएसपीत नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, म्हणजे लाभाचं पद, म्हणजे निवडणूक बंद’ ही साखळी ऐकायला पटते, पण मधली कडी कच्ची आहे. राज्यघटनेच्या कलम १९१ला अभिप्रेत असलेलं लाभाचं पद सरकारच्या हाताखालचं असावं लागतं. भद्रावतीच्या म्हैसूर आयर्न अँड स्टील वर्क्समधल्या एका अधीक्षकाच्या आमदारकीला असंच आव्हान दिलं गेलं. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सरकारी मालकीची असली तरी कंपनी वेगळी आणि सरकार वेगळं. तिचा नोकर सरकारचा नोकर ठरत नाही.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. १९६२मध्ये बर्दवानहून लोकसभेवर गेलेले गुरुगोविंद बसू हे हिंदुस्तान स्टीलचे, म्हणजे तेव्हा भिलाईचा कारखाना ज्या कंपनीकडे होता तिचे, हिशेबतपासनीस होते. ते कंपनीचे नोकर नव्हते, तरी त्यांची निवड रद्द झाली, कारण त्यांना नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार सरकारकडे होता. म्हणजे पगार कुठून येतो एवढंच पाहून भागत नाही, नेमणूक कोणाच्या हातात आहे तेही बघावं लागतं. शिवाय किमान २५ टक्के सरकारी भांडवल असलेल्या कंपनीच्या मॅनेजर आणि सेक्रेटरीला कायद्याने वेगळी मनाई आहे, आणि कंपनीचे सेवानियम मोडले तर नोकरीवर गदा येऊ शकते ती निराळीच.

‘बाहेरचा’ उमेदवार हाही असाच घोळ. नागपूरचा मतदार दुर्ग लोकसभा लढवू शकतो, भिलाईनगर विधानसभा नाही. विधानसभेसाठी नाव त्याच राज्याच्या मतदार यादीत हवं. आणि महाराष्ट्रातली दोन अपत्यांची अट स्थानिक संस्थांपुरती आहे, आमदार-खासदारांना नाही.

खटला चालू असलेल्या माणसाला कायदा अडवत नाही, म्हणूनच त्याला प्रतिज्ञापत्रात आपले खटले लिहून द्यावे लागतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मत द्यायच्या आधी ते उघडून वाचा.