डॉक्टर होणाऱ्या मुलांना चालायला कोण लावणार?

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका रात्री साडेअकरा वाजता धाकट्या बहिणीचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन वाजला की मन आधी वाईटच चिंतते. ती रडत होती. "आपा, लेकीच्या छातीत धडधडतंय म्हणे. हात गार पडलेत. हॉस्टेलच्या मुलींनी तिला कॅज्युअल्टीत नेलंय."

भाची एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या खानदानातली डॉक्टर होणारी पहिली मुलगी. तिला प्रवेश मिळाला तेव्हा गल्लीत मिठाई वाटली होती, आणि मी तिला स्टेथोस्कोप भेट दिला होता. त्या रात्री दुसऱ्याच कोणाचा तरी स्टेथोस्कोप तिच्या छातीला लागला. ईसीजी काढला, रक्त तपासले. सगळे ठीक निघाले. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, "हॉस्टेल ते कॉलेज सोडून शेवटचं कधी चाललीस?" पोरीला उत्तर देता आले नाही.

रविवारी मी आणि बहीण तिला भेटायला गेलो. खोलीत तीन मुली, तीन कॉट, एका कॉटखाली हाडांची पेटी. शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी खरी हाडे जवळ ठेवावी लागतात, हे बहिणीला तोवर माहीत नव्हते. ती जरा दचकलीच. भाचीने दिवस कसा जातो ते सांगितले. सकाळी आठला लेक्चर, मग डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनच्या वासात उभे राहणे, दुपारी प्रॅक्टिकल, चार-साडेचारला मेसमध्ये चहा, मग लायब्ररी, रात्री एक-दीडपर्यंत वाचन. हॉस्टेल ते कॉलेज अंतर तीन मिनिटांचे. "खाला, दोन जिने चढले तरी दम लागतो. पाठ केलेलं तोंडी परीक्षेत समोर उभं राहिलं की पुसून जातं. मला वाटलं हृदयाचाच काही आजार आहे. त्याच आठवड्यात हृदय शिकवत होते." अॅनाटॉमीच्या इंटरनलमध्ये ती नापास झाली होती आणि ही गोष्ट तिने घरी कळवली नव्हती.

मी मात्र दुसऱ्याच विचारात पडले. ही मुलगी माझ्याच शाळेत शिकली. नववीपर्यंत ती शाळेच्या खो-खो संघात होती. खांबाजवळ तिला पकडणे सोपे नव्हते. बसलेल्या मुलींच्या रांगेतून नागमोडी साखळी धरून ती पळू लागली की बाकीचे वर्ग खिडकीत गोळा होत. दहावीच्या सुरुवातीला मीच तिला म्हटले होते, "बेटा, हे एक वर्ष खेळ सोड. पुढे आयुष्य पडलंय खेळायला." त्यानंतर अकरावी, बारावी आणि नीट, तीही एकदा नव्हे, दोनदा. या परीक्षेला दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुले बसतात आणि एम.बी.बी.एस.च्या जागा देशभर मिळून लाखाच्या थोड्या वर. १८० प्रश्न, ७२० गुण, आणि एकेका गुणाने हजारोंनी मागे पडण्याची भीती. म्हणजे कॉलेजात पाऊल टाकण्यापूर्वीच ही मुलगी चार वर्षे खुर्चीवर बसून होती. ते एक वर्ष कधी संपलेच नाही.

पी.टी.च्या तासाचे काय होते हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. गणिताचे सर तो हक्काने घेतात. मी स्वतः दहावीला तो मागून घेऊन समास शिकवले आहेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. आम्ही आठवड्याचे दोन तासही त्यांच्या हाती राहू देत नाही.

भाचीचे उदाहरण एकटे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एक कार्यगट नेमला होता. त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी झालेल्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी माहिती दिली. त्यांतल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले, आणि १६.२ टक्के मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेले होते. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, म्हणजे वॉर्डात रात्रंदिवस राबणाऱ्या डॉक्टरांमध्ये हे दुसरे प्रमाण ३१ टक्के निघाले. कार्यगटाने त्यांच्यासाठी आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. आठवड्याला ७४ तास म्हणजे सवलत! यावरूनच बाकीचे काय ते समजावे. अशा व्यवस्थेतल्या मुलांना नुसते "व्यायाम करा" म्हणणे म्हणजे दोष त्यांच्याच माथी मारणे, असे कोणी म्हटले तर मी त्याला खोटे ठरवणार नाही. व्यवस्था बदलायलाच हवी. पण ती बदलेपर्यंत पोरीने श्वास तरी घ्यायला हवा ना?

ताण येतो तेव्हा शरीरात काय होते, हे मला भाचीनेच तिच्या फिजिऑलॉजीच्या पुस्तकातून समजावले. धोका दिसला की मेंदूकडून इशारा जातो आणि मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. हृदय जोरात धावते, रक्तातली साखर वाढते, स्नायू ताठ होतात. ही सगळी तयारी पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असते. रानात वाघ समोर आला तर ती कामी येते. पण परीक्षकांसमोर हातात मांडीचे हाड घेऊन उभे राहिलेल्या मुलीने पळायचे कुठे? शरीर पळायला सज्ज आणि माणूस खुर्चीला खिळलेला, असे दिवसचे दिवस चालले की झोप उडते, पोट बिघडते, वाचलेले डोक्यात राहत नाही. चालण्याने, धावण्याने शरीराने जमवलेला हा दारूगोळा खर्ची पडतो, रात्री झोप गाढ लागते आणि दिवसभराचा अभ्यास झोपेतच डोक्यात पक्का होतो. हे सांगता सांगता ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, "खाला, हे परीक्षेत लिहिलंय मी. दहापैकी आठ मिळाले."

डॉक्टरी शिक्षणातली ही मोठी गंमत आहे. व्यायामाचे मोल जगाला पटवले ते डॉक्टरांनीच. लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि १९५३ साली ती 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली. गाडी तीच, गणवेशही तसाच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसमधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना तो जिना आठवत असेल. हे शिकणारी मुले स्वतः मात्र ड्रायव्हरच्या सीटवर बसून असतात.

"वेळ कुठून आणू?" हा तिचा प्रश्न खरा होता. मी मास्तरीण, मी कागदावर हिशेब मांडला. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा सांगितला आहे; मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाता येणार नाही असा. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. आठवड्यात मिनिटे १०,०८०. त्यांतली १५० म्हणजे शंभरातली दीड. तेवढी तर मोबाइलवर रोजच जातात. ती हसली. हसू पाहून बरे वाटले.

पण नुसत्या हिशेबाने पाऊल उचलत नाही. सोबत लागते, आणि या बाबतीत मला एक अभ्यास फार बोलका वाटला. अमेरिकेत न्यू इंग्लंड विद्यापीठात ६९ वैद्यकीय विद्यार्थ्यांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास एकत्र व्यायाम करत. काही जण आपापले एकटे करत, आणि या एकट्यांनी साधारण दुप्पट वेळ घातला. एकत्र करणाऱ्यांचा ताण २६ टक्क्यांनी उतरला. एकट्यांचा म्हणावा तसा उतरला नाही. संख्या लहान होती आणि कोणत्या गटात जायचे ते मुलांनीच ठरवले होते, म्हणून यावर फार मोठा इमला बांधू नये. पण खो-खो खेळलेल्या कुणालाही हे पटेल. पाठीवर हात पडून "खो" ऐकू आला की पाय आपोआप उठतात.

खरी अडचण घरी होती. मेहुणे साधे, कष्टाळू आहेत. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा आपा, मुलीला शिकायला पाठवलंय, मैदानात पळायला नाही." मी म्हटले, "भाई, तिला रात्री कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा आपण दोनशे किलोमीटर लांब होतो." ते गप्प झाले. थोड्या वेळाने खरे बोलले. त्यांना लोकांच्या बोलण्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त अंधाराची आणि एकटेपणाची होती. ती भीती खोटी नाही. मुलीच्या बापाला ती वाटणारच. म्हणून तोडगाही तसाच काढला. खोलीतल्या तिघींनी मिळून जायचे, फज्रनंतर चांगले उजाडल्यावर, कॉलेजच्या आवारातच, जिथे पहारेकरी असतो. एक नांदेडकडची, एक कोकणातली आणि आमची ही. कपडे रोजचेच, सैल सलवार-कमीज, ओढणी नीट पिनांनी लावलेली. पायात मात्र चपला नकोत. मी तिला १,४०० रुपयांचे बूट घेऊन दिले. स्टेथोस्कोपच्या आधी द्यायला हवे होते ते हे.

सुरुवातीला वीस मिनिटे चालूनच पोटऱ्या दुखल्या. मग रमजान आला, सकाळचे चालणे थांबले, तेव्हा इफ्तारनंतर सावकाश हॉस्टेलच्या आवारात फेऱ्या घातल्या. आमच्या मराठवाड्यात एप्रिल-मे म्हणजे आगच, म्हणून सहालाच बाहेर. पावसाळ्यात व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या. हॉस्टेलच्या आवारात व्यायामशाळा होती, पण किल्ली मुलांकडे असे आणि मुली तिकडे फिरकत नसत. या तिघींनी अर्ज लिहिला, आणखी अकरा मुलींच्या सह्या घेतल्या. रेक्टरबाईंनी संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ फक्त मुलींसाठी ठेवली. नव्या अभ्यासक्रमात खेळांसाठीही तास राखलेले आहेतच. ते वेळापत्रकाच्या कागदावरून मैदानात उतरवायचे, तर असे कुणीतरी मागावे लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. व्यायाम हे सगळ्या दुखण्यांवरचे औषध नाही. मूल आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, "मी नसले तर बरं" अशी भाषा करत असेल, तर त्याला चालायला पाठवून मोकळे होऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत, उर्दूत बोलता येते. आपल्याकडे अशा वेळी आधी नजर काढली जाते, मग "इमान कमजोर आहे" म्हणून बोल लावले जातात. आधीच खचलेल्या पोरीवर हा आणखी एक बोजा. भाचीही दोनदा कॉलेजच्या समुपदेशकांकडे जाऊन आली. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते.

पहिल्या वर्षाची परीक्षा ती पास झाली. पहिली वगैरे आली नाही. अॅनाटॉमीत काठावर निभावली, फिजिऑलॉजीत बरे गुण पडले. व्यायामामुळे पास झाली असे मी म्हणणार नाही, अभ्यास तिनेच केला. पण पुन्हा कॅज्युअल्टीत जावे लागले नाही, आणि नापास झाल्याचे लपवणारी मुलगी आता पेपर अवघड गेला की त्याच दिवशी आईला सांगते.

सकाळी सहा ते पावणेसात तिचा फोन खोलीवरच असतो. पहिल्या आठवड्यात बहीण त्या वेळी फोन लावायची, कोणी उचलला नाही की घाबरून मला उठवायची. परवा मीच सहाला तिला फोन केला, काहीतरी काम होते. तीन वेळा वाजला, उचलला नाही. सात वाजता तिचा उलट फोन आला, दम लागलेला. म्हणाली, "आपा, शेजारच्या भाभींबरोबर तळ्यापर्यंत गेले होते."