बांबूचा फुलोरा आणि उंदरांचा सुळसुळाट

रानातील उंदरांची संख्या दरवर्षी सारखी नसते. एखाद्या वर्षी ते क्वचितच दृष्टीस पडतात, तर एखाद्या वर्षी शेतात जिकडेतिकडे बिळेच बिळे आढळतात. ही वाढघट म्हणजे दैवाची लहर नव्हे; तिच्यामागे निश्चित कारणे असतात. मिझोरामचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

मिझोरामच्या डोंगरउतारांवर मौतक नावाच्या बांबूची विस्तीर्ण बने आहेत. हा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदाच फुलतो, फळतो आणि मरून जातो. विशेष हे की, बनेच्या बने एकाच सुमारास फुलोऱ्यावर येतात. १९११, १९५९ आणि २००७ या वर्षांच्या आगेमागे असे घडले. या काळास मिझो लोक ‘मौतम’ म्हणतात.

फळांचा रानात खच पडला की उंदरांना आयते अन्न मिळते. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि पिल्लेही काही महिन्यांतच प्रजोत्पादनास योग्य होतात. समजा, प्रत्येक जोडीस दर तीन महिन्यांनी तीन नर व तीन माद्या अशी सहा पिल्ले झाली आणि सर्व जगली, तर एका जोडीच्या तीन महिन्यांत ४, सहा महिन्यांत १६, नऊ महिन्यांत ६४ आणि वर्षअखेर २५६ जोड्या होतील.

एरवी असे होत नाही. अन्नाची टंचाई, रोग, साप व घुबडे यांमुळे बहुतेक पिल्ले लहानपणीच मरतात. फुलोऱ्याच्या वर्षी मात्र अन्नाचा बंध सुटतो. साप व घुबडे बहुधा वर्षातून एकदाच वीण वाढवितात. त्यांना उंदरांचा वेग गाठता येत नाही.

पुढे फळे संपतात, उरलेली रुजतात, आणि भुकेले उंदीर झूम शेतातील भातावर तुटून पडतात. अखेर तेही अन्न संपले की उपासमारीने त्यांची संख्या पूर्वपदावर येते. परंतु तोवर माणसाची कणगी रिकामी झालेली असते. मिझो जिल्हा परिषदेने १९५८ सालीच या संकटाची सूचना देऊन आसाम सरकारकडे १५ लाख रुपये मागितले होते. ती मागणी मान्य झाली नाही. दुष्काळात लोकांना कंदमुळांवर दिवस काढावे लागले. त्या असंतोषाचा १९६६ च्या उठावात मोठा वाटा होता. शांतता करार होण्यास १९८६ साल उजाडले. २००७ च्या सुमारास मात्र सरकारने आधीच तयारी केली. उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे बक्षीस ठेवले आणि आले व हळद लावण्यास शेतकऱ्यांना उत्तेजन दिले. तरीही भाताची हानी टळली नाही. कारण अन्न विपुल असताना मारलेल्या उंदरांची जागा नवे उंदीर लवकरच भरून काढतात.

शिक्षकांनी गणिताच्या तासाला वरील हिशेब मुलांकडून करवून घ्यावा आणि मग विचारावे, “तर मग सारे जग उंदरांनी का भरून जात नाही?” उत्तर शोधताना मुले अन्नाच्या मुद्द्यावर येतील. खळ्यावरचे सांडलेले दाणे वेचणे आणि धान्य बंदिस्त कणगीत ठेवणे याचे महत्त्व त्यांना मग निराळे सांगावे लागणार नाही.