पाण्यात विरघळलेला खडक

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिच्यासाठी लोहखनिज दल्ली-राजहरा येथून आणि चुनखडक जवळच्या नंदिनी येथील खाणीतून आणण्यात येई. भट्टीत चुनखडकाचे काम मोलाचे असते. खनिजातील वाळू-मातीसारखी अशुद्ध द्रव्ये त्याच्या योगाने मळीच्या रूपाने वेगळी होतात. परंतु हाच चुनखडक पाण्याबरोबर बॉयलरात शिरला, तर मात्र घातक ठरतो.

दगड पाण्याबरोबर कसा जाईल? चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट होय. शुद्ध पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. परंतु पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. अशा पाण्याची चुनखडकावर क्रिया होऊन कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते आणि ते पाण्यात सहज मिसळून जाते. दुर्ग-भिलाईच्या परिसरात जमिनीखाली चुनखडकाचे विस्तृत थर आहेत. त्यांच्या भेगांतून विहिरीत आलेले पाणी नितळ दिसले, तरी ते एक द्रावणच असते.

अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. कपड्यांवर पांढरा साका मात्र धरतो. म्हणून त्यास दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात. पाणी उकळले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनखडी पुन्हा तळाशी बसते. घरोघरी पाणी तापविण्याच्या भांड्यात आढळणारा पांढरा थर तो हाच.

भांड्यातील थर खरवडून काढता येतो. कारखान्यात प्रश्न गंभीर होतो. झोतभट्टीत हवा फुंकणारी यंत्रे वाफेवर चालतात. वाफ निघून जाते, क्षार मागे उरतात. समजा, एका लिटर पाण्यात केवळ १०० मिलिग्रॅम चुनखडी आहे. तरीही ताशी एक लाख लिटर पाण्याची वाफ करणाऱ्या बॉयलरात दर तासाला १० किलोग्रॅम चुनखडी शिरेल! तिच्या थरातून उष्णता नीट वाहत नाही. नळ्यांचे पोलाद अतिशय तापून मऊ पडते आणि आतील दाबाने नळी फुटते. त्यात कामगारांच्या प्राणांवर बेतू शकते.

यावरील एक जुना उपाय मोठा चमत्कारिक वाटतो. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पाण्यातील चुना काढण्यासाठी पाण्यात चुनाच घालण्याची युक्ती सुचविली. विरवलेला चुना बायकार्बोनेटशी संयोग पावतो व दोघांचे मिळून न विरघळणारे कार्बोनेट खाली बसते. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या सल्फेट-क्लोराइडांमुळे आलेला कठीणपणा मात्र उकळून जात नाही. त्यासाठी धुण्याच्या सोड्याचाही उपयोग करावा लागतो. आज मोठ्या बॉयलरांचे पाणी आयन-विनिमय करणाऱ्या राळेच्या कणांतून गाळून जवळजवळ क्षारमुक्त करतात.

एक चुनखडक, भट्टीत तो पोलादाचा सहायक, बॉयलरात पोलादाचा वैरी. द्रव्याचे गुण ओळखून त्यास योग्य जागी ठेवणे, हेच रसायनशास्त्राचे कार्य होय.