उपटण्यापूर्वी ओळख

पावसाळ्यात कुंडीत न पेरता उगवलेले रोप आपण बहुधा तण समजून उपटतो. त्यांत देशी तेरडाही असू शकतो. रसाळ खोड, करवतीसारख्या कडांची लांबट पाने आणि गुलाबी फुलामागची बाकदार शेपटी ही त्याची ओळख. गाजरासारखी चिरलेली पाने व बारीक पांढरी फुले मात्र अमेरिकेतून आलेल्या काँग्रेस गवताची. ते फुलण्यापूर्वीच हातमोजे घालून उपटावे. तेरड्याचे पिकलेले बोंड स्पर्श होताच फुटते. म्हणून त्यावर आधीच पातळ कापडाची पुरचुंडी बांधून बी जमवावे व पुढील वर्षी पहिल्या पावसात पेरावे. रानातील रोपे आणू नयेत. तेरड्याचा रंग तीन दिवस खरा. परंतु मूठभर बियांचे हे भांडवल वर्षागणिक वाढत जाते.