आक्रमक वर्तनाची मानसशास्त्रीय मीमांसा

बांधावरील बोलाचाली हाणामारीपर्यंत जाते किंवा वर्गातील एखादा विद्यार्थी सोबत्यावर हात उगारतो, तेव्हा ‘त्याचा स्वभावच तापट’ असे म्हणून विषय संपविला जातो. मानसशास्त्राने मात्र या प्रश्नाचा अधिक खोलवर विचार केला आहे.

सिग्मंड फ्रॉइड यांनी आक्रमकतेचे मूळ मानवाच्या उपजत प्रवृत्तीत शोधले. पुढे १९३९ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातील जॉन डॉलर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैफल्याचा सिद्धान्त मांडला. इच्छापूर्तीच्या मार्गात अडथळा आला की वैफल्य येते व त्यातून आक्रमकता उद्भवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अडथळा आणणारा बलवान असेल, तर तो राग दुर्बळावर निघतो. ‘वड्याचे तेल वांग्यावर’ ही आपली म्हण हेच सांगते. तथापि, प्रत्येक वैफल्याची परिणती आक्रमकतेत होतेच असे नाही, ही दुरुस्ती त्यांच्यापैकीच नील मिलर यांनी १९४१ मध्ये केली.

मग काहीजणच हात का उगारतात? या प्रश्नावर आल्बर्ट बांदुरा यांच्या प्रयोगांनी मोलाचा प्रकाश टाकला. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर त्यांनी प्रयोग केला. हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला मोठी माणसे मारीत असल्याचे ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी संधी मिळताच तेच शब्द व त्याच कृती यांचे अनुकरण केले. १९६५ मधील प्रयोगात, मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले. परंतु बक्षीस देऊ करताच त्यांनीही त्या कृती करून दाखविल्या. शिक्षेने वर्तन दडले होते, शिकलेले पुसले गेले नव्हते.

यातील बोध शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ध्यानी घेण्याजोगा आहे. मारामारी करणाऱ्या मुलाला छडी मारली, तर बलवानाने दुर्बळाला मारावे हाच धडा त्याला पुन्हा मिळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली, त्यामागील औचित्य यावरूनही पटते. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तंटे सामोपचाराने मिटविण्यावर भर दिला. असा समेट चावडीवर घडताना पाहणारे मूलही काही शिकतच असते.

आक्रमकता ज्या अंशी शिकली जाते, त्या अंशी संयमही शिकविता येतो. मात्र तो उपदेशाने नव्हे, तर मोठ्यांच्या आचरणातून शिकविला जातो.