घरटी पन्नास रुपये

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी नवा वर्ग येतो आणि मी त्याला वाक्प्रचार शिकवू लागतो. 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' हा त्यातला हमखास परीक्षेला येणारा. फळ्यावर अर्थ लिहायचा, 'हालअपेष्टा सोसून लाजिरवाण्या अवस्थेत मरण येणे', वाक्यात उपयोग करून दाखवायचा आणि पुढे जायचे. वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही की, सर, कुत्रा खरोखर मरतो तरी कसा? विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. आता देता येईल, पण तो भाग अभ्यासक्रमात नाही.

हे ज्ञान मला दिले ते आमच्या सोसायटीच्या मोतीने. मोती कुणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्यांचा होता. चौदा-पंधरा वर्षांचे वय, तोंडाभोवती पांढरे झालेले केस, दुपारी जिन्याखाली झोपायचे आणि रात्री वॉचमनबरोबर जागायचे, असा त्याचा शिरस्ता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका टेम्पोने मागे येताना त्याला चेपले. जीव वाचला, पण कमरेपासून मागचे अंग लुळे पडले. दोन दिवस तो फरशीवरून स्वतःला ओढत राहिला. आम्ही येता-जाता 'अरेरे' म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा एक रिक्षावाला आला, त्याने गोणपाटात घालून मोतीला उचलले आणि म्हणाला, "सर, मुरबाडच्या वाटेवर एक बाई आहेत. त्या बघतात असली जनावरं." मी खिशातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागले, हे कबूल करतो.

त्या बाई म्हणजे निवृत्त परिचारिका. सरकारी इस्पितळात तीस-एक वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. कल्याणच्या पुढे भाड्याची अर्धा एकर जागा, पत्र्याच्या दोन शेड, एक बोअरिंग. मी प्रथम गेलो तेव्हा तिथे चौतीस कुत्री, सहा मांजरे, एक आंधळे गाढव आणि पाय मोडलेली एक बकरी होती. बऱ्या होणाऱ्यांना त्या बरे करून जागच्या जागी परत पाठवतात. पण निम्म्याहून अधिक प्राणी परत जाण्यातले नसतातच. लुळी पडलेली, म्हातारी, डिस्टेंपरमधून वाचून डोके कायमचे झटके देत राहिलेली, गाठी झालेली. यांना मरेपर्यंत नीट ठेवायचे, एवढेच तिथले काम. माणसांसाठी अशी जागा मुंबईत वांद्र्याला १९८६ साली निघाली, शांती अवेदना सदन नावाची. सिस्टरांनी तोच विचार चार पायांना लावला.

लुळ्या कुत्र्याचे काय काय करावे लागते, हे मी तिथे पाहिले. त्याला लघवीची जाणीव नसते. दिवसातून तीन-चार वेळा पोटावर हात दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते, नाही तर आत रोग होतो. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर हाडावरची कातडी सडते. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की दुसऱ्या दिवशी किडे. खाली अंथरायला रद्दी आणि जुन्या चादरी रोज लागतात. आमच्या घरातल्या माळ्यावर जे वर्षानुवर्षे पडून असते तेच तिथे सोन्याच्या मोलाचे.

पुढे दिवाळीच्या तोंडावर सिस्टरांचा फोन आला. औषधाच्या दुकानाची अडतीस हजारांची उधारी झाली होती आणि जागेच्या मालकाला तीन महिन्यांचे भाडे एकदम हवे होते, बेचाळीस हजार. "सर, तुम्ही मराठीचे. एक पत्रक लिहून द्या." माझी छाती फुगली. रात्री बसून पत्रक लिहिले. स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसलेला युधिष्ठिर घातला, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घातले, तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ घातले. सिस्टरांनी ते चष्मा लावून शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, "छानच आहे. पण यात मोतीची शी-शू कोण काढतं, ते कुठे आहे?"

मग दुसरे पत्रक लिहिले. रोज नऊ किलो तांदूळ. कोंबडीवाल्याकडून माना-पाय. फिट्स थांबवायच्या गोळ्या. मलमपट्टी. दोन मदतनिसांचा पगार. भाडे. शेवटी, 'पैसे नसतील तर रद्दी द्या, चादरी द्या.' नामदेवांना मी जड मनाने रजा दिली.

सौ.ने आणि तळमजल्यावरच्या काकूंनी पुढाकार घेऊन सोसायटीच्या बायकांचा फराळ विक्रीला काढला. भाजणी दळून आणण्यापासून चकल्यांचे पुडे बांधण्यापर्यंत आठ दिवस घराचा कारखाना झाला होता. मुलांनी फटाक्यांचे पैसे दिले. सगळ्यांनी नव्हे, माझ्या चिरंजीवांनी निम्मे दिले आणि निम्म्याचे फटाके आणले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आवाजाला भिऊन पळालेली आणि गाड्यांखाली सापडलेली पाच कुत्री सिस्टरांकडे आली, हे ऐकल्यावर ते दोन दिवस गप्प होते. एकंदर जमले सत्तेचाळीस हजार. देणी ऐंशी हजारांची.

तेव्हा एका सधन गृहस्थांचे नाव कुणी सुचवले. त्यांना घेऊन मी सिस्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे हिंडून पाहिले आणि रीतसर प्रश्न विचारला, "वर्षात किती बरे होतात?" सिस्टरांनी वही पुढे केली. लांब, लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. 'आले', 'परत गेले', 'गेले' असे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यात तारीख, आजार आणि शेवटी काय खाल्ले ते. 'दहीभात, दोन घास.' 'पेडिग्रीचे पाणी.' 'काही नाही.' गृहस्थांनी तिसरा रकाना भरभर उलटला. त्यांना पिल्लांबरोबर फोटो हवा होता, वडिलांच्या नावाची पाटी हवी होती. पाटीला सिस्टरांची ना नव्हती. पण निघताना ते म्हणाले, "जे वाचणारच नाहीत त्यांना इंजेक्शन देऊन मोकळं का करत नाही? तेवढ्यात दहा पिल्लं वाचतील."

प्रश्न क्रूर वाटला तरी गैर नव्हता. असाध्य आजारी जनावराला डॉक्टरने वेदनेविना मरण देणे कायद्यालाही मान्य आहे. सिस्टर म्हणाल्या, "देतो की. वहीत तसं लिहिलेलं आहे. पण कधी द्यायचं ते त्याचं दुखणं ठरवतं, माझी उधारी नाही."

परतीच्या वाटेवर मी त्याच वाक्याचा विचार करत होतो. उधारी वाढत गेली तर एक दिवस ही दोन कारणे एकमेकांत मिसळणार. दुखणे जरा जास्त वाटू लागणार, डॉक्टरला जरा लवकर बोलावले जाणार, आणि तसे झाल्याचे सिस्टरांनाही कळणार नाही. हिशेब एवढ्यासाठीच जुळायला हवा होता. गृहस्थांनी पुढे अकरा हजार पाठवले, त्यांचे आभार.

उरलेल्या पैशांची वाट मला दाखवली आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठजींनी. मी पत्रक द्यायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, दिवाळीला मागाल तर दिवाळीपुरतं मिळेल. आमच्या आजोबांच्या वेळी लागो होता." मी ग्रंथालयात जाऊन बसलो. गोष्ट मुंबईची आहे. इंग्रज सरकार उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारवीत असे. १८३२ च्या जूनमध्ये कुत्री मारणारे शिपाई फोर्टात घुसले, तेव्हा पारशी चवताळून उठले. त्यांच्या अंत्यविधीत मृताचे मुख कुत्र्याला दाखवतात, त्या विधीला सगदीद म्हणतात. ६ जूनला दंगा झाला. हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली. दंगा मोडला, पण प्रश्न उरला : कुत्री मारायची नाहीत तर ठेवायची कुठे? १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरच्या बाजूला पांजरपोळ उभी राहिली. एक पारशी, एक जैन. ती चालवण्यासाठी देणग्या तर होत्याच, पण व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर एक बारीकसा कर स्वतःच बसवून घेतला. तोच लागो. माल विकला गेला की जनावरांचा वाटा आपोआप बाजूला पडे. कुणाचे मन द्रवण्याची वाट पाहावी लागत नसे.

पुढे परळला दिनशा माणेकजी पेटिटांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ १८८३ साली स्थापन झाले. त्याच्या लगत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. तो मोठ्या दात्याचा मार्ग, आणि त्याचे मोल मोठेच. पण आमच्याकडे पेटिट नव्हते, शहाण्णव बिऱ्हाडे होती.

जानेवारी २०२४ मध्ये सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला : घरटी महिना पन्नास रुपये. सेक्रेटरी उठले. "मेंटेनन्सच्या बिलात एक पैसाही घालता येणार नाही." नियमाने बरोबर होते. मग त्यांनी स्वतःचे म्हणणे मांडले. त्यांच्या नातीला कुत्रा चावला होता. पाच सुया घेताना मूल कसे रडले ते त्यांनी पाहिले होते. "रेबीज झाला की औषध नाही, मास्तर. आणि तुम्ही कुत्र्यांसाठी वर्गणी गोळा करता." मी वाद घातला नाही. सिस्टर आलेल्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस टोचतात आणि नसबंदी केल्याखेरीज एकही बाहेर सोडत नाहीत, एवढे सांगून बसलो. ठराव बारगळला. पण जिन्यात काकूंनी मला थांबवले आणि आपले पन्नास दिले. त्या महिन्यात अठ्ठावन्न घरे झाली.

शाकाहारी घरांची एक अडचण होती, कोंबडीच्या माना. सिस्टरांनी दोन पेट्या केल्या. शाकाहारी पैसा औषधाला आणि भाड्याला, उरलेला माना-पायांना. शेठजी फक्त तांदूळ देतात, पैसा नाही. पण महिन्याच्या पाच तारखेला पोते पोचते म्हणजे पोचतेच. पावती मिळते, संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, वर्षाचा हिशेब तपासून नोटीस बोर्डावर लावतो. आता तर मोबाइलवर चौकोन दाखवला की पैसे जातात, दारोदार फिरायला नको. मी मात्र फिरतो. चौकोनाला कुणी 'मोती कसा आहे?' म्हणून विचारत नाही.

मोती कसा होता? बरा होता. प्लास्टिकच्या नळ्यांची दोन चाकी गाडी त्याच्या कमरेला बांधली होती, ती घेऊन तो त्या आंधळ्या गाढवाच्या मागे मागे फिरे. मार्चमध्ये मूत्रपिंडे थकली. डॉक्टरांनी सलाइन लावले, तिसऱ्या दिवशी काढून घेतले आणि इंजेक्शनचे विचारले. सिस्टर म्हणाल्या, "दुखत असेल तर द्या." त्याला दुखत नव्हते, तो नुसता दमला होता. मी गेलो तेव्हा धुतलेल्या चादरीवर पडून होता, अंगाला डेटॉलचा वास. माझ्या आवाजाला शेपूट हलणे शक्य नव्हते, कान हलला. रात्री साडेतीनला गेला. वहीत तिसऱ्या रकान्यात आहे : 'दूधपोळी, एक घास. सिस्टर जवळ.'

अठ्ठावन्न घरांची वर्षभरात एक्केचाळीस झाली. कुणी भाड्याचे घर बदलले, कुणाला मोती गेल्यावर कारण उरले नाही. पण आसपासच्या सहा सोसायट्यांनी हा बेत उचलला आहे आणि सगळे मिळून महिन्याला सोळा हजारांच्या आसपास जमतात. भाडे चौदा. म्हणजे भाडे सुटले, दोन हजार औषधाला. जेवण आणि पगार अजून देणग्यांवरच चालतात आणि औषधाची उधारी पुन्हा चढते आहे. गेल्या आठवड्यात ती नऊ हजार होती.

गेल्या महिन्यात सेक्रेटरींच्या घरून एक बोचके आले. त्यांच्या आईच्या हातच्या दोन गोधड्या, मऊसूत झालेल्या. चिठ्ठी नव्हती. वर्गणी त्यांनी अजून दिलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही.

परवा यादी घेऊन बसलो होतो. या महिन्याची एकोणचाळीस घरे आली. राहिलेल्या दोघांत तिसऱ्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाड आहे. दुसरे कोण ते आठवेना, म्हणून पुन्हा वरपासून नावे मोजली. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आपले दिलेत का?"